जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि बिघडलेले कोपरे: दोष नेमका कुणाचा?

मिररलेस कॅमेरे आले आणि जुन्या लेन्सांना पुन्हा भाव आला. घरातल्या कपाटात पडलेली झोर्की किंवा फेड कॅमेऱ्याची लेन्स काढायची, स्वस्तातला अडॅप्टर मागवायचा आणि नव्या सोनी किंवा निकॉनवर चढवायची, हा उद्योग आता हौशी मंडळींपासून लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपर्यंत सगळेच करतात. पन्नास मिमीची लेन्स असेल तर निकाल बहुतेक वेळा झकास येतो. पण एकवीस किंवा पंधरा मिमीची वाइड लेन्स लावली की गंमत सुरू होते. फोटोचा मधला भाग लख्ख आणि कोपरे मात्र पुसल्यासारखे. एका कडेला लालसर झाक, दुसरीकडे हिरवट.

मग निदान ठरलेलं असतं: लेन्सला बुरशी लागली असणार, नाहीतर अडॅप्टर वाकडा असणार. लेन्स मिळेल त्या किमतीला विकली जाते. कधी लेन्स खरंच खराब असते, अडॅप्टरही वाकडा असू शकतो. पण पुष्कळदा दोष दोघांचाही नसतो. ती लेन्स फिल्मसाठी बनली होती आणि सेन्सर म्हणजे फिल्म नव्हे, एवढंच त्यामागचं कारण असतं. हे नीट समजून घेतलं तर पैसेही वाचतात आणि चांगली लेन्सही हातची जात नाही.

आरसा नाही, म्हणून लेन्स आत

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये एक आरसा असतो. तो वर-खाली हलायला जागा लागते. त्यामुळे निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिमी लांब आहे. आता एकवीस मिमीची लेन्स फिल्मपासून इतकी दूर ठेवायची तर तिची रचना मुद्दाम उलटी करावी लागते. पुढे किरण पसरवणारी मोठी भिंगं, मागे ते गोळा करणारी. याला रेट्रोफोकस रचना म्हणतात. अशी लेन्स जाडजूड होते, पण तिच्यातून निघणारे किरण फिल्मवर बऱ्यापैकी सरळ पडतात.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसाच नाही. फोकस करायला आणि चौकट बघायला वेगळी खिडकी असते. १९५४ साली लायकाचा एम ३ आला. त्याच्या माउंटची बैठक फिल्मपासून फक्त २७.८ मिमी आहे. त्यातही मागचं भिंग आणखी आत घुसवता येतं, कारण वाटेत काही नाही. या मोकळ्या जागेचा फायदा घेऊन झाइसची बायोगॉन किंवा लायकासाठी बनलेली सुपर अँग्युलॉन अशा लेन्स तयार झाल्या. पुढची आणि मागची बाजू जवळपास सारखी, आकार छोटा, सरळ रेषा सरळच राहणार. फिल्मच्या काळात या लेन्सांचा दरारा होता आणि तो योग्यच होता.

किंमत एकच होती: कोपऱ्यातले किरण फार तिरपे पडायचे. साधं गणित करून बघू. फुल फ्रेमच्या मध्यापासून कोपरा साधारण २१.६ मिमी लांब असतो. अशा रचनेच्या एकवीस मिमी लेन्समध्ये प्रकाश फिल्मपासून साधारण तेवढ्याच अंतरावरून येतो असं धरलं, तर कोपऱ्यात तो ४५ अंशांच्या आसपास तिरपा पडतो. पन्नास मिमीच्या लेन्सला हाच कोन २३ अंशांच्या घरात येतो. सगळा घोळ या दोन आकड्यांमध्ये आहे.

आडातलं ऊन

फिल्म म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे कण. प्रकाश सरळ आला काय, तिरपा आला काय, कणाला फारसा फरक पडत नाही. कोपरे थोडे काळवंडायचे, पण ते प्रकाशाच्या भूमितीमुळे. बाकी चित्र ठाकठीक.

सेन्सरचं तसं नाही. त्याचा एकेक पिक्सेल म्हणजे एक छोटा आड समजा. प्रकाश टिपणारा भाग तळाशी. वर तारांचे थर, त्यावर लाल, हिरवा किंवा निळा रंगीत फिल्टर आणि अगदी वर एक सूक्ष्म भिंग. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की ऊन आडाच्या तळापर्यंत पोचतं. पाच वाजता तेच ऊन वरच्या भिंतीवरच अडतं. सेन्सरच्या मध्यभागी कायम दुपारचे बारा वाजलेले असतात आणि कोपऱ्यात कायम संध्याकाळचे पाच. म्हणून तिथे फिल्मपेक्षाही जास्त अंधार होतो.

रंगांची भानगडही इथलीच. तिरपा किरण एका पिक्सेलच्या लाल फिल्टरमधून शिरतो आणि शेजारच्या हिरव्या पिक्सेलच्या तळाशी जाऊन पडतो. हिशोब चुकतो. पिक्सेलची आतली रचना डावीकडे-उजवीकडे सारखी नसल्याने चूकही दोन्ही कडांना सारखी होत नाही. म्हणूनच एक कड लालसर आणि दुसरी हिरवट दिसते. लायका वापरणाऱ्यांनी याला ‘इटालियन झेंडा’ असं नाव ठेवलं होतं!

दोन मिलिमीटर काचेचा खेळ

कोपरे पुसट का होतात, याचं कारण मात्र वेगळं आहे आणि तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक सेन्सरवर काच असते. धुळीपासून संरक्षण करायला, अवरक्त किरण अडवायला आणि काही कॅमेऱ्यांत बारीक जाळीच्या कपड्यांवर उमटणारी मोअरेची नक्षी टाळायला. फिल्मसमोर अशी काच नव्हती. त्यामुळे जुनी लेन्स बनवणाऱ्याने ती हिशोबात धरलीच नव्हती.

पाण्याच्या बादलीतलं नाणं वर आल्यासारखं दिसतं ना? तसंच काचेतून जाताना लेन्सचा फोकस थोडा मागे सरकतो. काच २ मिमी जाड असेल तर सरळ येणाऱ्या किरणांसाठी हा सरकाव सुमारे ०.६७ मिमी असतो. तो अडचणीचा नाही, कारण कॅमेरा बनवणारा सेन्सर त्या हिशोबानेच बसवतो. पण ४५ अंशांनी येणारा किरण काचेतून जास्त लांबचा प्रवास करतो आणि त्याचा सरकाव सुमारे ०.९३ मिमी होतो. म्हणजे मध्य आणि कोपरा यांच्या फोकसमध्ये ०.२६ मिमीचा फरक पडला.

एवढ्याने काय होतं? एफ/२.८ ला फोकस चालवून घेण्याची मुभा मागे-पुढे जेमतेम ०.०८ मिमी असते. म्हणजे चूक मुभेच्या तिप्पट झाली. त्यातही आडव्या आणि उभ्या रेषांचे फोकस वेगवेगळ्या ठिकाणी जातात, म्हणून झाडाची पानं कोपऱ्यात ओढल्यासारखी दिसतात. एफ/८ ला ही मुभा ०.२४ मिमी होते आणि चित्र बरंच सावरतं. अ‍ॅपर्चर बारीक केल्यावर कोपरे सुधारतात, पण रंगाची झाक तशीच राहते, हा अनुभव अनेकांना येतो. त्याचं कारण हेच: एक गोष्ट फोकसची आहे, दुसरी कोनाची.

कंपन्यांनी काय केलं?

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता. २००४ मध्ये एप्सनने आर-डी १ आणला. ६ मेगापिक्सेलचा त्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान होता. लहान सेन्सरमध्ये लेन्सचे कोपरे चौकटीबाहेर जातात, त्यामुळे अडचण आपोआप कमी होते.

२००६ मध्ये लायकाने एम ८ काढला. कोपरे सांभाळायला सेन्सरवरची काच फक्त अर्धा मिमी ठेवली. कोपरे सांभाळले गेले, पण इतकी पातळ काच अवरक्त किरण पुरेसे अडवू शकली नाही. काळे सिंथेटिक कपडे फोटोत जांभळट दिसू लागले. समारंभाच्या फोटोत काळा कोट जांभळा आला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, विचार करा! शेवटी कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट द्यावे लागले. पातळ काच हवी तर अवरक्त किरण शिरतात, ते अडवायचे तर काच जाड होते, अशी ही ओढाताण आहे.

२००९ च्या एम ९ मध्ये पहिल्यांदा फुल फ्रेम आली. तिथे काच ०.८ मिमी होती आणि आणखी एक युक्ती केली होती. कडेच्या पिक्सेलांवरची सूक्ष्म भिंगं थोडी मध्याच्या दिशेने सरकवली होती, म्हणजे तिरपा किरण वळून बरोबर तळाशी पडावा. शिवाय लेन्सच्या माउंटवर सहा ठिपक्यांची खूण असे. ती वाचून कॅमेरा कोणती लेन्स लागली आहे ते ओळखतो आणि कडांचा रंग सॉफ्टवेअरने सुधारतो. (जुना एम ९ विकत घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्याच्या पहिल्या सेन्सरांच्या काचेवर पुढे गंजासारखे डाग पडले. सेन्सर बदललेला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.)

२०१३ मध्ये सोनीचे ए ७ आणि ए ७ आर आले. माउंटची बैठक फक्त १८ मिमी, म्हणजे दहा मिमीच्या अडॅप्टरवर कोणतीही रेंजफाइंडर लेन्स बसते. लोक खूश झाले. पण लेन्स बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. सोनीच्या सेन्सरवरची काच जवळपास २ मिमी जाड. तिच्या स्वतःच्या लेन्स त्याच हिशोबाने बनवलेल्या, त्यामुळे त्यांना त्रास नाही. त्रास पाहुण्या लेन्सांना.

२०१५ च्या ए ७ आर २ मध्ये सेन्सर उलटा केला गेला. तारांचे थर खाली आणि प्रकाश टिपणारा भाग वर. याला बॅकसाइड इल्युमिनेटेड किंवा बीएसआय सेन्सर म्हणतात. आड उथळ झाला, त्यामुळे कडांचा रंग बराच सुधारला. पण काच जाडच राहिली, म्हणून पुसट कोपरे तसेच राहिले. सेन्सर बीएसआय आहे म्हणजे सगळे प्रश्न मिटले, असं दुकानदार सांगेल. ते अर्धंच खरं आहे. लायकाने २०२२ च्या एम ११ मध्ये ६० मेगापिक्सेलचा बीएसआय सेन्सर आणि पातळ काच या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या.

तिसरा मार्ग लेन्स बदलण्याचा. जपानच्या कोसिना कंपनीची फोक्टलेंडर १५ मिमी लेन्स १९९९ मध्ये आली तेव्हा मुठीत मावायची. २०१५ ची तिसरी आवृत्ती डिजिटलसाठी नव्याने आखलेली. किरण सरळ पडावेत म्हणून ती मोठी आणि जड झाली. म्हणजे जी जागा रेंजफाइंडरने वाचवली होती, तीच सेन्सरने परत मागून घेतली.

मग आपण काय करायचं?

५० मिमी आणि त्यावरच्या रेंजफाइंडर लेन्स बेधडक वापरा. ज्युपिटर ८ असो, कॅननची जुनी ५० मिमी असो की ९० मिमीची पोर्ट्रेट लेन्स, अडचण क्वचितच येते. ३५ मिमीला लेन्स आणि कॅमेरा दोन्ही बघून ठरवा. ज्युपिटर १२ चं मागचं भिंग खूप बाहेर आलेलं असतं, ते आत कुठे घासणार नाही याची आधी खात्री करा. २८ मिमी आणि त्याखालच्या जुन्या लेन्स जाड काचेच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी नुसत्या ऐकीव माहितीवर घेऊ नका. त्याच लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर बऱ्याच बऱ्या चालतात.

लेन्स घेण्यापूर्वी दोन फोटो काढा. पहिला पांढऱ्या, एकसारखा उजेड असलेल्या भिंतीचा. त्यात रंगाची झाक कळेल. दुसरा लांबच्या इमारतीचा किंवा झाडांच्या रांगेचा, आधी एफ/२.८ किंवा लेन्सच्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला, मग एफ/८ ला. चारही कोपरे सारखेच पुसट आणि एफ/८ ला सुधारत असतील तर ते सेन्सरच्या काचेचं काम. एकच बाजू पुसट असेल तर लेन्सचं भिंग किंवा अडॅप्टर तिरका आहे. ती लेन्स परत करा.

रंगाची झाक नंतर काढता येते. लेन्सवर पांढरं पारभासक प्लास्टिक धरून एक फोटो काढायचा आणि लाइटरूमच्या फ्लॅट-फील्ड करेक्शनमध्ये तो वापरायचा. काळा-पांढरा फोटो करणार असाल तर रंगाचा प्रश्नच उरत नाही. पण पुसट झालेला तपशील कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि ज्यांच्याकडे जुना फिल्म कॅमेरा चालू स्थितीत आहे त्यांनी ती वाइड लेन्स विकण्याआधी एक रोल त्यावर काढून बघावा. सेन्सरने नापास केलेली लेन्स तिथे अजूनही पहिल्या वर्गात पास होते.