भाड्याच्या घरातली म्हातारी

मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस ताईकडे डोंबिवलीला गेलो होतो. दुपारची जेवणे आटोपली की त्या घरात दोनच आवाज. एक पंख्याचा, दुसरा आतल्या खोलीतल्या भाच्याच्या कॉम्प्युटरचा. नेहमी मारामारीचा कल्लोळ चाले. पण एके दिवशी पडल्या पडल्या एका म्हातारीचे बोलणे कानावर आले. भाषा इंग्रजी, पण सूर ओळखीचा. शांत, किंचित कुत्सित, समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्याच उत्तरात अडकवणारा. शेवटच्या बाकावरच्या मुलांशी मी याच सुरात बोलतो. उठून बसलो.

"मामा, ही क्रेया. सारखी लेक्चर देते," भाचा म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला.

वाचकहो, पुढे व्हिडिओ गेमची गोष्ट आहे म्हणून पान उलटू नका. मीही आधी तेच करणार होतो.

खेळाचे नाव बरेच लांबलचक आहे : 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक', भाग दुसरा, 'द सिथ लॉर्ड्स'. 'स्टार वॉर्स' हा जॉर्ज ल्यूकस यांचा 1977 सालचा चित्रपट. त्याच्या दुनियेवर खेळ करायचा तर मालकांचा परवाना हवा, म्हणजे भाड्याच्या घरात राहणेच ते. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने 2003 साली पहिला भाग केला आणि तो गाजला. दुसरा भाग त्यांनी केला नाही. तो गेला कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन या कंपनीकडे. कंपनी 2003 सालीच निघालेली, आणि हा तिचा पहिलाच खेळ. घरमालक होते लुकसआर्ट्स, म्हणजे ल्यूकस यांच्याच संस्थेची खेळांची शाखा.

असा भाडेकरू सहसा भिंतीला खिळाही ठोकत नाही. प्रमुख लेखक ख्रिस अॅव्हेलोन यांनी मात्र थेट तुळईलाच हात घातला. त्या दुनियेत 'फोर्स' नावाची चराचराला व्यापणारी शक्ती आहे. तिचा सदुपयोग करणारे ते जेडाय, दुरुपयोग करणारे ते सिथ. पांढरे आणि काळे, चित्रपटात सगळे स्वच्छ. क्रेया विचारते, ही शक्ती आपला तोल सांभाळण्यासाठी लाखो जीवांना खेळवत असेल, तर तिला चांगले का म्हणायचे? आणि जिच्याशी ती हे बोलते ती व्यक्तीही साधी नाही. नायक (किंवा नायिका, ते खेळणाऱ्याने ठरवायचे) हा जेडायांनी हाकलून दिलेला माजी सेनानी आहे. युद्धात याच्या एका हुकमाने मॅलॅकोर नावाच्या ग्रहावर शत्रू आणि स्वकीय एकदमच मेले. त्या धक्क्याने त्याचा फोर्सशी संबंधच तुटला. लढाई संपल्यावर लढलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न या खेळात आहे. तलवारी केवळ निमित्ताला.

सोबत्यांची रचनाही मला आवडली. त्यांच्याशी तुम्ही कसे वागता यावर त्यांची मने उघडतात किंवा मिटतात. अॅटन नावाचा एक वाचाळ, थट्टेखोर वैमानिक आहे. त्याचा विश्वास मिळवला तरच कळते, की हा एके काळी जेडायांची शिकार करत असे. नाही मिळवला तर शेवटपर्यंत तो नुसता वाचाळच.

भाच्याने मग मुद्दाम मला एक प्रसंग दाखवला. नार शड्डा या बकाल वस्तीत एक भिकारी पाच नाणी मागतो. दिली. क्रेयाने फटकारले. अनायासे मिळालेल्या त्या पैशापायी दुसऱ्या एका कंगालाने त्या भिकाऱ्यालाच बडवून लुटले. भाचा मागे गेला आणि या वेळी भिकाऱ्याला धुडकावले. आता चिडलेला भिकारीच दुसऱ्या कोणाला मारत सुटला. क्रेयाने पुन्हा फटकारले.

"बघ, काही केलं तरी चूकच!" भाचा म्हणाला.

मी दोन दिवस या प्रसंगाचा विचार करत होतो. स्टेशनच्या जिन्यावर खिशात हात घालताना दोनदा थबकलोही. पण नंतर वाटले, म्हातारी लबाड आहे. फासे तिच्याच बाजूने भरलेले आहेत. दिलेल्या पैशातून भिकाऱ्याने शांतपणे भाकरी खाल्ली, अशी तिसरी शक्यता लेखकाने ठेवलेलीच नाही. शिक्षकाने असा प्रश्न काढू नये, ज्याचे प्रत्येक उत्तर चूक ठरवता येईल. (परीक्षक म्हणून हे पाप मीही केले आहे.)

पण खेळाचा खरा दोष हा नव्हे. सुरुवातीचा पेरागसचा खाणतळ रटाळ आहे, रिकाम्या बोळांतून भाचा तासन् तास फिरत होता. तेही चालेल. शेवट मात्र अर्धवट आहे. जहाज मॅलॅकोरवर आदळते. इतका वेळ ज्यांची मने उघडली ते सोबती एकाएकी दिसेनासे होतात. एका छोट्या यंत्राला दुसरे यंत्र वाटेत अडवते आणि दृश्य तिथेच तुटते. पुढे काय झाले, कोण वाचले, काही नाही. यंत्रमानवांचा एक अख्खा ग्रहच गाळलेला आहे.

कारण काय, तर नाताळ. कंपनीला जेमतेम सव्वा वर्ष मिळाले आणि डिसेंबर 2004 मध्ये खेळ अमेरिकेच्या बाजारात आला. सणाची तारीख काय असते हे दिवाळी अंकाच्या लेखकाला सांगायला नको. तरी सगळे खापर घरमालकावर फोडणे बरे नाही. आपणच पसारा फार मांडला, अशी कबुली अॅव्हेलोन यांनी पुढे दिली आहे.

गंमत पुढेच आहे. गाळलेले संवाद नटांच्या आवाजात मुद्रित झालेले होते आणि तबकडीत तसेच पडून राहिले होते. हौशी खेळाडूंनी ते हुडकले आणि एक पैही न घेता, वर्षानुवर्षे खपून, जागच्या जागी बसवले. 2012 पर्यंत बरेचसे काम मार्गी लागले. जुन्या पोथ्यांचे पाठ जुळवणाऱ्या आमच्या जमातीला हे काम किती किचकट ते कळेल. 2022 साली निन्टेन्डोच्या यंत्रासाठी खेळ पुन्हा निघाला, तेव्हा हा दुरुस्त भागही देऊ असे विक्रेत्यांनी जाहीर केले होते. 2023 मध्ये तो बेत रद्द झाल्याचे सांगून ते मोकळे झाले.

भाच्याकडे हौशी मंडळींनी सांधलेलीच प्रत होती. तिच्यात त्या दोन यंत्रांच्या भांडणाचा निकाल लागतो. जे मुळात लिहिलेच गेले नव्हते ते मात्र कोण कुठून आणणार? त्या जागा तिथेही रित्याच आहेत.

चौथ्या रात्री तो शेवटाला पोचला. क्रेया हरून जमिनीवर पडली होती. मरण्यापूर्वी ती विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. या सोबत्याचे पुढे काय, त्या ग्रहाचे काय. भाच्याने हे सगळे आधी दोनदा ऐकलेले होते. तरी तो एकेकाचे नाव घेऊन विचारत राहिला. एकही प्रश्न त्याने सोडला नाही. ताईने पाने घेतल्याची दोनदा हाक मारली.

"आलो गं," मी म्हणालो, आणि खुर्ची पुढे ओढली. अॅटनचे विचारायचे राहिले होते.