पाण्याचे पहारेकरी

वैशाख महिना. बुलढाणा जिल्ह्यातील एका लहानशा गावात कित्येक दिवसांच्या खंडानंतर दुपारी नळाला पाणी आले. घरातील सारी मंडळी कामास लागली. हौद भरला, गच्चीवरील टाकी भरली. रांजण, घागरी, कळशा, इतकेच काय, पण धुण्याच्या बादल्यासुद्धा काठोकाठ भरून ठेवल्या गेल्या. पुढची पाळी येईपर्यंत आता हेच पाणी पुरवावयाचे होते. रात्री सर्वजण निश्चिंत मनाने झोपी गेले. सकाळी तोटी सोडून पाहावे, तो आतून नुसती हवा! टाकी कोरडी ठणठणीत. पाणी कोणी चोरून नेले नव्हते. टाकीच्या तळाशी असलेल्या नळीचा सांधा रात्रीतून सुटला होता आणि पाणी भिंतीच्या कडेकडेने मुकाट्याने गटारात वाहून गेले होते. घरात सहा माणसे होती. पण त्या वेळी जागे कोणीच नव्हते.

अशी हकीकत या जिल्ह्यातील अनेक घरांतून ऐकावयास मिळते. सांधा सुटणे हा तर मोठाच अपघात झाला. पण लहान गळतीही कमी घातकी नसते. तोटीतील वायसर झिजले की नळ कितीही आवळला तरी थेंब थेंब गळतच राहतो. दर सेकंदास एक थेंब पडतो असे धरू. एका दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. दहा थेंबांचे एक मिलिलिटर मानले, तर दिवसाकाठी साडेआठ लिटरांहून अधिक पाणी त्या एका तोटीतून जाते. आठवडाभरात साठ लिटर! जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे साठ लिटर पाणी म्हणजे काय, हे डोक्यावरून हंडा वाहणारीलाच विचारावे.

गळती शोधण्याचे काही साधे उपाय जुन्या जाणत्या माणसांना ठाऊक आहेत. रात्री निजण्यापूर्वी हौदातील पाण्याच्या पातळीशी खडूने एक रेघ ओढावयाची. रात्रभर कोणी पाणी वापरले नाही आणि तरीही सकाळी पाणी रेघेच्या बरेच खाली गेले, तर हौदाला भेग आहे किंवा नळीला छिद्र आहे असे समजावे. जेथे पाण्याचे मीटर बसविलेले असते तेथे काम आणखी सोपे. घरातील सर्व तोट्या बंद कराव्या आणि मीटरच्या तबकडीवरील लहान चकतीकडे पाहावे. ती फिरत असेल, तर कोठेतरी पाणी निसटत आहे खास. शौचकूपाच्या टाकीत थोडा रंग टाकून ठेवला आणि टाकी न ओढताच तो खाली भांड्यात उतरला, तर ती टाकीही गळकी ठरते. हे सारे उपाय उत्तम आहेत. त्यांच्यात दोष एकच, की ते करावयास माणूस लागतो, आणि माणूस विसरतो, कंटाळतो, झोपतो.

तेव्हा न झोपणारा पहारेकरी हवा. पाण्याची जाण असलेले यंत्र ही काही आजचीच कल्पना नव्हे. टाकीत तरंगणारा फुगा पुष्कळांनी पाहिला असेल. पाणी चढते तसा तो वर येतो आणि टाकी भरताच आपल्या दांड्याने नळाचे तोंड बंद करतो. त्याला वीज लागत नाही, की हुकूम लागत नाही. याच जातीचे, पण कितीतरी मोठे उदाहरण बुलढाणा शहराजवळच आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा नदी येळगाव येथे धरण बांधून अडविली आहे आणि बुलढाणा शहराला तेथून पाणी मिळते. या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविलेले आहेत. अशा दरवाजांची रचना मोठी चतुराईची असते. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीच्या वर चढू लागले, की त्याच्याच दाबाने दरवाजा कलतो आणि जादा पाणी वाहून जाते. पातळी उतरली, की तो आपल्या वजनाने पुन्हा पूर्ववत उभा राहतो. पाण्याचा दाब हाच येथे द्वारपाल.

घरातील गळतीचा दाब मात्र इतका मोठा नसतो. फरशीवर पसरलेले दोन चमचे पाणी कोणता दरवाजा हलविणार? म्हणून तेथे विजेची मदत घेतली जाते. अशी उपकरणे आता बाजारात मिळतात. त्यांना ‘सेन्सर’ म्हणतात. मराठीत त्यांना ‘संवेदक’ असे नाव दिलेले आहे. म्हणजे संवेदना ग्रहण करणारा.

गळती ओळखणारा संवेदक दिसावयास अगदी साधा असतो. तळहातावर मावेल एवढी एक डबी. तिच्या तळाशी धातूचे दोन ठिपके. आत नाण्याएवढा एक कोरडा सेल. या दोन ठिपक्यांत थोडेसे अंतर ठेवलेले असते. मध्ये फक्त हवा असते आणि हवा विजेला वाट देत नाही; म्हणून विजेचे मंडल अपुरे राहते आणि डबी गप्प बसते. फरशीवर पाणी आले, की ते दोन्ही ठिपक्यांना एकदम स्पर्श करते. मंडल पुरे होते, अतिशय सूक्ष्म असा प्रवाह वाहू लागतो आणि तेवढ्यानेच आतील यंत्रणा जागी होते. ती कर्कश आवाज करते. शिवाय बिनतारी लहरींच्या साह्याने घरमालकाच्या मोबाइल फोनवर संदेशही धाडते. प्रहर कोणताही असो.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अगदी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी विजेचे चांगले वाहक नसते. पाण्यात विरघळलेले क्षारच वीज वाहून नेतात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील कित्येक विहिरींचे पाणी खारट लागते. ते पिण्यास नकोसे, पिकांस अपायकारक; पण संवेदकाच्या दृष्टीने मात्र सोयीचे! गोड्या पाण्यातही थोडेबहुत क्षार असतातच, त्यामुळे तेथेही संवेदकाचे काम अडत नाही.

हा प्रयोग शाळेतही करून पाहता येतो. दोन कोरडे सेल, एक छोटा एलईडी दिवा आणि तारांचे काही तुकडे एवढे साहित्य पुरते. मंडलात एके ठिकाणी तार तोडून तिची दोन उघडी टोके जवळजवळ, पण एकमेकांस लागू न देता, वाटीत ठेवावी. वाटी कोरडी असेतो दिवा लागत नाही. मिठाचे पाणी ओतताच तो उजळतो. प्रयोग कोरड्या सेलांवरच करावयाचा. भिंतीतील विजेच्या जोडणीला पाण्याजवळ हात लावणे म्हणजे प्राणाशी गाठ.

डबी कोठे ठेवावी, यालाही विचार लागतो. मोरीत ठेवली तर ती दिवसभर ओरडत राहील आणि संध्याकाळी वैतागून कोणीतरी तिचा सेल काढून टाकील. टाकीखालचा कोपरा, स्वयंपाकघरातील ओट्याखालची जागा, कपडे धुण्याच्या यंत्रामागची भिंत, अशा एरवी कोरड्या असणाऱ्या आणि सहसा नजर न जाणाऱ्या जागाच तिला योग्य. गच्चीवरील सांधा सुटला आणि डबी खाली ओट्याखाली असली, तर ती बिचारी काय सांगणार?

ही उणीव दुसऱ्या प्रकारचा संवेदक भरून काढतो. तो मुख्य नळीवर बसवितात. त्याच्या एका प्रकारात एक लहानशी चक्री असते व तिला चुंबक जडविलेला असतो. पाणी वाहिले की चक्री फिरते आणि तिचे फेरे मोजले जातात. घरात पाणी केव्हा आणि किती वाहते, याची त्यावरून नोंद राहते. पहाटे स्नानांच्या वेळी चक्री वेगाने फिरते, दुपारी रेंगाळते, रात्री थांबते. एखाद्या रात्री ती थांबलीच नाही, तर काहीतरी बिनसले आहे असे यंत्र ताडते. काही ठिकाणी त्याला विजेवर चालणारा कॉकही जोडलेला असतो. तो पाणी आपोआप तोडतो.

रस्त्याखालच्या नळ्यांची गळती शोधणे याहून अवघड; कारण तेथे दिसत काहीच नाही. परंतु दाबाखालील पाणी छिद्रातून निसटताना सूं सूं असा बारीक आवाज करते. अनुभवी कारागीर रात्रीच्या शांत वेळी लोखंडी कांबीचे एक टोक नळीवर टेकतो, दुसरे कानाशी धरतो आणि तो आवाज ऐकतो. आता कानांचे हे काम ध्वनिसंवेदकही करतात. एकाच नळीवर दोन ठिकाणी दोन संवेदक बसविले आणि दोघांना आवाज एकाच क्षणी पोहोचला, तर गळती बरोबर मध्यावर असते. एकाला आधी ऐकू आला, तर ती त्याच्या बाजूस असते. किती आधी, हे मोजले की अंतर काढता येते, आणि सारा रस्ता न उकरता एकच खड्डा खणून भागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्येही देशातील काही खेड्यांच्या नळयोजनांवर पाण्याचा प्रवाह व दाब मोजणारे संवेदक बसवून पाहण्यात आले.

हे झाले उष्ण प्रदेशातले. थंड प्रदेशात पाण्याच्या पहारेकऱ्याला आणखी एका शत्रूवर लक्ष ठेवावे लागते. बुलढाणा शहर डोंगराच्या कडेवर वसलेले असल्याने तेथील हवा आसपासच्या सखल भागापेक्षा थंड असते. तरी नळातले पाणी गोठावे अशी थंडी तेथे पडत नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठून पांढरे हिमकण होतात, त्याचे केवढे कौतुक होते! अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरी मात्र जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली जातो. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे कौतुक परवडण्याजोगे नाही.

पाण्याचा एक स्वभाव इतर बहुतेक पदार्थांहून निराळा आहे. गोठताना ते आकसत नाही, फुगते. १०० मिलिलिटर पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे १०९ मिलिलिटर जागा व्यापते. नळीत एके ठिकाणी बर्फाचा बोळा तयार झाला, की तो वाढता वाढता पुढचे पाणी बंद तोटीकडे रेटतो. त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब असह्य झाला म्हणजे धातूची नळीही उलते. आणि खरा घात पुढेच असतो. बर्फ आहे तोपर्यंत छिद्र बुजलेले राहते. ऊन पडून ते वितळले, की घरात पाण्याचा लोंढा सुरू होतो. म्हणूनच तेथील लोक अतिशय थंडीच्या रात्री एखादी तोटी मुद्दाम थेंब थेंब गळती ठेवतात. त्यामुळे दाब कोंडत नाही. जो थेंब बुलढाण्यास नुकसान करतो, तोच तेथे नळी वाचवितो!

थंडी ओळखणाऱ्या संवेदकात ‘थर्मिस्टर’ नावाचा एक मणी असतो. तो काही धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवितात. तो थंड होत गेला, की विजेला त्यातून जाण्यास अधिकाधिक अडथळा होतो. हा अडथळा मोजला की तापमान कळते. घरमालक त्याला एक मर्यादा नेमून देतो. पाणी शून्य अंशावर गोठत असले तरी ही मर्यादा चार-पाच अंश ठेवणे शहाणपणाचे, कारण शून्यावर मिळालेली सूचना उशिरा मिळालेली असते.

समजा, मिनिॲपोलिसचे एक कुटुंब लग्नकार्यासाठी डिसेंबरात बुलढाण्यास आले आहे. तिकडे घर बंद. घर ऊबदार ठेवणारी भट्टी मध्यरात्री बंद पडते. तळघरातील पारा उतरू लागतो, संवेदक संदेश धाडतो आणि तो बुलढाण्यास मांडवात पोहोचतो, तेव्हा तेथे दुपारचे पावणेबारा वाजलेले असतात. कारण दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत त्या ऋतूत साडेअकरा तासांचे अंतर असते. तिकडची सव्वाबाराची वेळ. तरीही शेजाऱ्याला फोन करून उठवावेच लागते. त्याने तळघरात जाऊन मुख्य कॉक बंद केला आणि तोट्या मोकळ्या सोडल्या, तरच घर वाचते. एवढे काम डबीला साधत नाही.

शिवाय हा पहारेकरी मुका होण्याचे प्रसंगही येतात. २०२१ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सास राज्यात, जेथील घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली आहेत तेथे, विलक्षण थंडीची लाट आली. लक्षावधी घरांची वीज गेली, घरे गारठली आणि असंख्य घरांतील नळ्या फुटल्या. वीज नाही म्हणजे इंटरनेटचे यंत्रही बंद. मग डबीतला सेल शाबूत असला तरी संदेश जाणार कोठून? जे घरी होते, त्यांना डबीचा आवाज तरी ऐकू आला असता. परगावी असणाऱ्यांना परतल्यावर भिजलेली जमीनच सारे सांगून गेली. सेलही कायमचा टिकत नाही. म्हणून डबी आणल्या दिवशीच तिच्या पाठीवर सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवतात, आणि अधूनमधून ओले बोट त्या दोन ठिपक्यांवर टेकवून ती अजून ओरडते की नाही, ते पाहतात.