लाल म्हणजे किती लाल?

विषय वैद्यकाचा आणि वक्ते तत्त्वज्ञानाचे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कोणत्या आजारावर कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण 'मोजणे म्हणजे काय' हा प्रश्न आमच्या घरचा आहे, आणि त्वचेच्या आजारात तो फार अडचणीचा होऊन बसतो.

आपल्या नगर जिल्ह्यातूनच सुरुवात करू. (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेची सवय लवकर जात नाही.) कुष्ठरोग शोधमोहीम निघते तेव्हा आशाताई घरोघरी येतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तो खाजत-दुखत नाही ना, तिथे बधिरपणा आहे का, असे विचारतात. या प्रश्नातला 'किंवा' आपण सहज ओलांडून जातो. एकच आजार, एकच जंतू, मग चट्टा फिकट की लालसर हे ठरलेले का नाही? याचे मोठे कारण चट्ट्याखालच्या पाटीत आहे. गोऱ्या कातडीवर तो बहुधा लालसर दिसतो. सावळ्या, काळ्या कातडीवर तीच लाली रंगद्रव्याखाली दडते आणि डोळ्याला दिसतो तो फिकटपणा, कधी तांबूस झाक. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकरवाडीत कोणी फक्त लाल डाग शोधत फिरला, तर तो रिकाम्या हाताने परत येईल आणि वहीत 'रुग्ण नाही' असे लिहील.

मग त्या प्रश्नाला वाचवते कोण? 'बधिर' हा शब्द. कुष्ठरोगाचा जंतू, जो हॅन्सन यांनी १८७३ मध्ये दाखवला, कातडीतल्या मज्जातंतूंत घर करतो. म्हणून तपासणारी व्यक्ती कापसाची वात किंवा पेनाचे टोक हलकेच टेकवते. आधी रुग्णाला उघड्या डोळ्यांनी काय करणार ते दाखवायचे, मग डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, 'बाबा, कुठं लागलं? बोट ठेवून दाखवा.' बोट चट्ट्यावर गेलेच नाही, की संशय पक्का होत जातो. इथे कातडी गव्हाळ आहे की काळीकुळकुळीत, याचा काही संबंध उरला नाही. अर्थात जंतू फार असतात त्या प्रकारात चट्टे पुष्कळ असूनही बधिरपणा नसू शकतो. म्हणून डॉक्टर नसा चाचपतात, कातडीतला द्रव काचेवर घेऊन पाहतात. पण तत्त्व तेच: डोळ्याच्या साक्षीवर एकट्यावर खटला चालवायचा नाही.

आमच्या न्याय-वैशेषिक दर्शनात या गोष्टीची नेमकी मांडणी आहे. रूप, म्हणजे रंग, हा फक्त डोळ्याला कळणारा गुण. स्पर्श फक्त त्वचेला कळणारा. पण संख्या, परिमाण, म्हणजे किती आणि केवढे, हे दोन्ही इंद्रियांना कळते. अंधारात हात फिरवूनही चार पेरू मोजता येतात, त्यांचा रंग मात्र सांगता येत नाही. ही जुनी विभागणी हातात धरून आजच्या दवाखान्यात शिरू या.

सोरायसिस किती तीव्र आहे हे ठरवायला 'पासी' नावाची मोजपट्टी वापरतात. ती १९७८ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी मांडली. डोके, हात, धड, पाय असे शरीराचे चार भाग. त्यांना अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० टक्के वजन. प्रत्येक भागात तीन गोष्टींना शून्य ते चार गुण: लाली, जाडी, पापुद्रा. त्यांच्या बेरजेला त्या भागात आजार किती पसरला आहे त्याच्या शून्य ते सहा श्रेणीने गुणायचे. सगळ्यात जास्त ७२ होतात. आता बघा, जाडी बोटाला कळते, पापुद्रा बोटाला कळतो, पसाराही मोजता येतो. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाच्या सुमारे एक टक्का. लाली मात्र एकट्या डोळ्याच्या हवाली. आणि काळ्या कातडीवर सोरायसिसची लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट, गडद तपकिरी, कधी राखाडी दिसते.

याने काय फरक पडतो? हिशेब करू. सोय म्हणून समजा, चारही भागांत आजार सारखाच आहे, पसाऱ्याची श्रेणी २. लाली ३, जाडी २, पापुद्रा २. बेरीज ७, गुणिले २, म्हणजे १४. आता हाच आजार काळ्या कातडीवर आला, डॉक्टरांना लाली जेमतेम जाणवली, त्यांनी १ दिला. बेरीज ५, गुणिले २, म्हणजे १०. पुष्कळ ठिकाणी दहाच्या वर गेले की आजार तीव्र धरतात आणि पोटातून घ्यायच्या किंवा इंजेक्शनच्या औषधांचा विचार सुरू होतो. पहिला माणूस रेषेच्या पलीकडे गेला, दुसरा रेषेवरच थांबला आणि मलम घेऊन घरी आला. आजार तोच होता, बरं का.

यावर उपाय म्हणून इसबाच्या 'ईझी' या मोजपट्टीच्या मार्गदर्शनात गडद कातडीसाठी लालीचा गुण एकाने वाढवण्याची सूचना आढळते. आम्हाला हा तोडगा पटत नाही. किराणा दुकानदाराचा काटा कमी दाखवतो म्हणून प्रत्येकाला मूठभर साखर जास्त द्यावी, तसे हे झाले. शिवाय चूक एकाच दिशेने होत नाही. गडद कातडीवर दाह शमल्यावरही काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. आग विझलेली, राख उरलेली. तिलाच आग समजले तर बरा होत आलेला माणूस आजारी ठरतो आणि नको ते औषध चालू राहते. हात फिरवला तर कळते: जाडी नाही, खरखर नाही, ऊब नाही.

आणि 'गडद' तरी कोणाची? पाथर्डीहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा हात पाहा. मनगट काळेभोर, पोलक्याच्या बाहीआडचा दंड सावळा. एकाच अंगावर दोन-तीन रंग. लोक फिट्झपॅट्रिक श्रेणीचे नाव घेतात. ती १९७५ मध्ये अमेरिकेत निघाली ती उन्हाने कातडी भाजते की रापते यावर, अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी. आधी तिच्यात चारच प्रकार होते, तेही गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळ्या कातडीचे दोन नंतर जोडले. रंगाचा तक्ता म्हणून ती बनवलीच नव्हती. म्हणून चट्ट्याची तुलना तक्त्याशी करू नये, त्याच माणसाच्या शेजारच्या निरोगी कातडीशी करावी, तीही उजेडात. दंडाची दंडाशी, मनगटाची मनगटाशी.

आता उलटी बाजू. कोड. त्यात बधिरपणा नाही, वेदना नाही, ते संसर्गाने पसरत नाही. गोऱ्या कातडीवर ते लपून जाते, सावळ्यावर लांबून दिसते. जुन्या भाषेने त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हणून आणखी घोळ घातला. मुलीच्या हनुवटीवर रुपयाएवढा डाग असतो आणि जमत आलेले लग्न मोडते. अंगाच्या एक टक्काही नाही तो! मग तीव्र म्हणायचा की नाही? पसाऱ्याची मोजपट्टी 'नाही' म्हणेल. म्हणून १९९४ पासून एक दुसरी प्रश्नावली वापरात आहे, दहा प्रश्नांची, शून्य ते तीस गुणांची: गेल्या आठवड्यात लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, कामावर परिणाम झाला का, अशी. इथे साक्ष रुग्णाची. आम्हाला ही मोजपट्टी पासीपेक्षा कमी 'शास्त्रीय' वाटत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात, एवढेच.

एका श्रोत्याने आधीच चिठ्ठी पाठवली आहे की डॉक्टरांना मोबाइलवर फोटो पाठवला तर चालतो का. पाठवा, पण फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. कॅमेऱ्याचा चेहरा उजळवणारा पर्याय बंद करा, तो रोगही उजळवून टाकतो. डाग आणि शेजारची चांगली कातडी एकाच चौकटीत येऊ द्या, आणखी एक फोटो लांबून. आणि सोबत लिहा: हाताला जाड लागते का, गरम लागते का, खाजते का, टोचलेले कळते का. हे फोटोत येत नाही. टोचलेले कळत नसेल, तर फोटो पाठवत बसू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात, प्रकार पाहून सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि बोटे वाकायच्या आत सुरू झाल्या तर बोटे वाचतात.