मथळा म्हणजे निकाल नव्हे

पोलिसांनी एखाद्या संशयितास अटक करावी, सायंकाळी पत्रकारांपुढे जप्त वस्तूंची यादी वाचावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वृत्तपत्रांनी त्यास कटाचा सूत्रधार ठरवून मोकळे व्हावे, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही गैर आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. अतिरेकी प्रवृत्तींचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु अटक हा तपासाचा प्रारंभ होय, शेवट नव्हे, याचा विसर पडला म्हणजे काय घडते, हे पालघर परिसराने वारंवार अनुभवले आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले. दुसरीने त्यास पसंती दर्शविली. जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली, आणि पोलिसांनी प्रथम पकडले ते या दोन मुलींना! पुढे अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ज्या कलमाचा आधार घेण्यात आला होता ते ६६-अ कलमच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. दहशत माजविणारे कोण व तिचे बळी कोण, एवढा विवेकही त्या घाईत उरला नव्हता.

१६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारले. त्या अमानुष कृत्यास लगोलग धार्मिक रंग चढविण्यात आला. अखेर अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावे लागले. एका अफवेने तीन जीव घेतले. दुसरी अफवा शेकडोंच्या जिवावर उठली असती.

धोका काल्पनिक आहे, असे मात्र कोणी समजू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात छापा घालून गावठी बॉम्ब जप्त केल्याचे जाहीर केले, आणि त्याच तपासाच्या धाग्यावरून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येचा शोध पुढे सरकला. तत्पूर्वी त्या खुनाच्या आरोपाखाली शस्त्रांचे दोन व्यापारी पकडून सोडण्यात आले होते, आणि २०१६ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने भलत्याच दोघांवर गोळ्या झाडल्याचा आरोप ठेवला होता. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली ती तिसऱ्याच दोघांना. उरलेले तिघे पुराव्याअभावी सुटले. मथळ्यांवर विसंबून फाशी द्यावयाची असती, तर किती निरपराध लटकले असते?

अतिरेक उजवा असो वा डावा, नियम एकच हवा. त्याच २०१८ च्या ऑगस्टअखेर एल्गार परिषद प्रकरणी पोलिसांनी पत्रकारांपुढे पत्रे वाचून दाखविली, तेव्हा प्रकरण न्यायप्रविष्ट असताना असे कसे करता, असा सवाल मुंबई उच्च न्यायालयाने केला. पोलिसांनी वृत्तपत्रांस काय सांगावे याची नियमावली तयार करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारास दिला. आदेश झाला, सवय मोडणे शिल्लक आहे.

बोईसर-तारापूरकडे पाहावे. एका बाजूस १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र, दुसऱ्या बाजूस रसायनांचे कारखाने, आणि त्यांत राबणारे नाना प्रांतांचे कामगार. अशा ठिकाणी एका संशयितास ‘अणुकेंद्रावर डोळा’ अशा मथळ्याखाली छापणे फार सोपे आहे. त्याच चाळीत राहणाऱ्या त्याच्या गाववाल्यांस दुसऱ्या दिवशी कामावर जाणे तितकेच अवघड. पोलिसांनी पुरावा न्यायालयात मांडावा, आणि आम्ही वृत्तपत्रकारांनी अटकेस जेवढी जागा दिली तेवढीच सुटकेसही द्यावी. ‘संशयित’ हा शब्द मथळ्यातून गळू देणे, हा आमच्या व्यवसायातील लहान अपराध नव्हे.