पन्नाशीतलं धावणं आणि घरची बिअर: हिशोब कसा जमवायचा?

आजचा प्रश्न: पन्नाशीनंतर पळणाऱ्याला घरी बिअर बनवायचा नाद असेल, तर दोन्ही जमतं का?

आधी कायदा. वडगाव रासाईत ऊस भरपूर, पण १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरापुरती बिअर बनवायची मोकळीक मिळाली. म्हणजे तिकडच्या आपल्या काकांना हा छंद जमू शकतो.

आता गणित. ६५० मिलीची, ५ टक्क्यांची बाटली म्हणजे साधारण २६ ग्रॅम अल्कोहोल. ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे नुसत्या अल्कोहोलच्याच १८०. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटवतं, म्हणजे तीनेक तास गेले. कॉफी पिऊन हा वेग वाढत नाही.

वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच बिअर जास्त चढते. दमलेले स्नायू सावरायलाही वेळ लागतो. ते काम झोपेत होतं, आणि दारू नेमकी उत्तररात्रीची झोप मोडते.

म्हणून लाँग रनच्या आदल्या रात्री बाटली नको. पळून आल्यावर आधी पाणी आणि जेवण. बॅच छोटी करा, मित्रांत वाटा. नाद बनवण्याचा आहे ना? मग मोजायच्या त्या बॅचेस, रिचवलेल्या बाटल्या नाहीत.

गावाकडे हात शिवशिवत असतील, तर नाचणीची आंबील आंबवा. मजा तीच, आणि सकाळी पळताही येतं!