प्रवासी, सामान की पशू? : सार्वजनिक वाहनातील कुत्र्याचे स्थान

पाळीव कुत्र्यास सार्वजनिक वाहनातून नेऊ द्यावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा अथवा आरोग्याचा वाटतो. तो तसा आहेही. परंतु त्याच्या मुळाशी एक वर्गीकरणाचा प्रश्न दडलेला आहे, व त्याचा उलगडा झाल्यावाचून नियम करणारा आणि नियम पाळणारा यांच्यात एकवाक्यता होणे कठीण. वाहनात चढणारी प्रत्येक गोष्ट एक तर प्रवासी असते किंवा सामान असते. कुत्रा यांपैकी कोण?

या वादाचे सर्वांत जुने उदाहरण महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. इंद्राने आणलेल्या रथात युधिष्ठिरास जागा आहे, पण त्याच्यामागोमाग आलेल्या कुत्र्यास नाही. आणि कुत्र्यास सोडून रथात बसण्यास युधिष्ठिर तयार नाही. इंद्राचा आक्षेप शुचितेचा आहे. युधिष्ठिराचे उत्तर मात्र शुचितेविषयी नाही; ते आश्रिताच्या त्यागाविषयी आहे. दोघेही आपापल्या जागी बोलत राहतात, व अखेर कुत्राच धर्मरूपाने प्रकट होतो म्हणून वाद मिटतो. एस. टी.च्या दारात असा शेवट होण्याचा संभव नसल्याने वर्गीकरणाकडेच वळावे लागते.

मराठी व्याकरण या बाबतीत मोठे बोलके आहे. 'वाहकाने पिशवी वर घेतली' हे शुद्ध; 'वाहकाने पिशवीला वर घेतले' हे कानास खटकते. उलट 'वाहकाने म्हातारीला वर घेतले' हेच योग्य, 'म्हातारी वर घेतली' म्हटल्यास तिची गणना बोचक्यांत होते. निर्जीव कर्मास प्रत्यय नाही, मनुष्यवाचक निश्चित कर्मास प्रत्यय अवश्य, अशी ही वाटणी आहे. कुत्रा नेमका सीमेवर उभा आहे. 'कुत्रे वर घेतले' आणि 'कुत्र्याला वर घेतले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, परंतु बोलणारा निराळा. पहिले वाक्य सामानाची मोजदाद करणाऱ्याचे, दुसरे मालकाचे. क्रियापदांतही तोच भेद दिसून येतो. पिशवी 'ठेवतात', माणसास 'बसवतात'. कुत्र्याच्या बाबतीत दोन्ही संभवतात. संख्यावाचकांचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. 'दोघे', 'तिघे', 'चौघे' ही रूपे मनुष्यांसाठी राखलेली आहेत. जनावरे 'दोन', 'तीन', 'चार' असतात आणि सामान 'नगां'त मोजले जाते. कुत्रा बरोबर घेतलेला मनुष्य 'आम्ही दोघे' असे म्हणतो, तेव्हा तो तिकिटाच्या दराविषयीच एक विधान करीत असतो, मग त्यास त्याची जाणीव असो वा नसो.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ही गुंतागुंत अधिकच वाढते, कारण तेथे एकाच गाडीत चार-पाच भाषा बसलेल्या असतात. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागड-एटापल्लीकडे गोंडीची माडिया बोली, पूर्वेस छत्तीसगढी व हलबी, आणि मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या निर्वासितांची बंगाली. मराठीतील 'कुत्रा' गोंडीत 'नई' होतो (तमिळातील 'नाय्' याचा सख्खा भाऊ), तेलुगूत 'कुक्क', बंगालीत व छत्तीसगढीत 'कुकुर'. छत्तीसगढीत 'कुकुर' म्हणजे कुत्रा आणि 'कुकरा' म्हणजे कोंबडा, ही गोष्ट नवख्या वाहकाने ध्यानात ठेवावी. टोपलीत नेमके काय आहे याविषयी गैरसमज होण्यास एक स्वर पुरेसा आहे.

शब्दांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या भाषा सीमारेषा कोठे ओढतात ही. गोंडीत नामांचे दोन वर्ग आहेत: एकात पुरुष, दुसऱ्यात स्त्रिया, पशू आणि वस्तू. तेलुगूत एकवचनी 'तो आला' यास 'वच्चाडु', तर 'ती आली' व 'ते (जनावर) आले' या दोहोंस एकच 'वच्चिंदि'. अनेकवचनात मात्र स्त्रिया पुरुषांच्या पंक्तीस येतात: माणसे 'वच्चारु', कुत्री 'वच्चायि'. यावरून गोंड समाज स्त्रीस पशुवत् लेखतो असा निष्कर्ष कोणी काढील तर तो हास्यास्पद ठरेल. व्याकरणिक वर्ग ही भाषेची अंतर्गत सोय असते, मूल्यनिर्णय नव्हे. आणि हीच कसोटी दरपत्रकालाही लावावयास हवी. कुत्र्याची नोंद 'सामान' म्हणून केली, एवढ्याने त्यास कोणी निर्जीव ठरविले असे होत नाही.

दरपत्रकांचा इतिहास मनोरंजक आहे. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमात वाहतुकीतील प्राण्यांच्या नुकसानभरपाईची मर्यादा ठरविताना हत्ती-घोड्यांपासून एक उतरंड रचली होती. तीत कुत्रा गाढव, मेंढी व शेळी यांच्याबरोबर शेवटच्या पायरीवर होता. पुढे रेल्वेने कुत्र्याचे वजन कागदावरच निश्चित करून टाकले. गार्डाच्या डब्यातील पेटीतून गेल्यास तो ३० किलो, मालकासमवेत वरच्या वर्गाच्या डब्यात गेल्यास ६० किलो. मग तो प्रत्यक्षात केवढाही असो. एकच प्राणी जागा बदलताच दुप्पट जड होतो, हे पदार्थविज्ञानास मान्य होणारे नसले तरी त्यात एक व्यवहारज्ञान आहे: आकार वजनाचा नसून सहवासाचा आहे. जर्मन रेल्वेने निराळा मार्ग पत्करला. तेथे लहान पाळीव प्राणी पेटीतून विनामूल्य जातो, आणि मोठा कुत्रा मुलाप्रमाणे अर्धे तिकीट काढून, तोंडास जाळी बांधून प्रवास करतो. म्हणजे तो प्रवाशांच्याच वर्गात, पण अर्धा.

अशा उसन्या वर्गीकरणाचे टोक २०२४ साली कर्नाटकात दिसले. बंगळूर-म्हैसूर मार्गावरील बसमध्ये एका आजीबाईंच्या पिंजऱ्यातील चार पक्ष्यांस 'मूल' समजून प्रत्येकी १११ रुपये, एकूण ४४४ रुपयांचे तिकीट देण्यात आले. स्त्रियांसाठी असलेल्या मोफत प्रवासाच्या योजनेमुळे आजी व नात यांचे भाडे शून्य होते. वाहकाची चूक कोठेच नव्हती. यंत्रात 'पक्षी' हा वर्ग नसल्यास तो 'मूल' होतो.

वडसा (देसाईगंज) येथील स्थानक सोडले तर गडचिरोली जिल्ह्यास दीर्घकाळ रेल्वेचा स्पर्शच नव्हता. तेव्हा रेल्वेचे नियम कितीही तपशीलवार असले तरी अहेरीच्या किंवा धानोऱ्याच्या माणसास त्यांचा उपयोग नाही. त्याच्यासाठी सार्वजनिक वाहन म्हणजे एस. टी., आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडापर्यंत तीही नाही.

येथे एक व्यावहारिक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. कुत्रा चावल्यास मनुष्यास शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवसाच्या मात्रांसाठी आरोग्यकेंद्राच्या वाऱ्या कराव्या लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असल्याने यांतील एकही वारी टाळता येत नाही. ज्या कुत्र्यास वर्षातून एकदा लस टोचली असती तर या रोगाचा धोका कमी झाला असता, त्याला मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत नेण्यास वाहन नाही. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी निदान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. लस गावात नेता येते, हे खरे. पण आजारी अथवा जखमी कुत्रा शिबिराच्या तारखेची वाट पाहू शकत नाही.

दुसऱ्या बाजूसही वजन आहे, आणि ते या प्रदेशात इतर ठिकाणांहून अधिक आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत शहरातला कुत्रा येणे म्हणजे केवळ एका प्रवाशाची भर नव्हे. कुत्र्यांतील डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाने १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एकतृतीयांश सिंह दगावले. २०१८ मध्ये गीरमध्ये जे वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतील काहींत हाच विषाणू आढळला. वन्यजीव संरक्षण अधिनियमात अभयारण्याच्या पाच किलोमीटर परिसरातील पशुधनाचे लसीकरण करण्याची तरतूद आहे (कलम ३३-अ). पण त्याच अधिनियमातील पशुधनाच्या व्याख्येत म्हशीपासून याकपर्यंत आणि डुकरापासून बदकापर्यंत प्राणी नावानिशी दिलेले असताना कुत्र्याचे नाव नाही. ज्या प्राण्यापासून वाघास सर्वांत निकटचा धोका संभवतो तोच नामावलीतून गळावा, हे वर्गीकरणाचे अपयश पक्ष्यांच्या तिकिटाहून कितीतरी गंभीर आहे.

मनाई केल्याने हा धोका टळतो काय? गाडीत न घेतलेला कुत्रा दुचाकीवरून जातो किंवा मालकामागे जंगलाच्या वाटेने चालत जातो, आणि त्या वाटेवर त्याची लस पाहणारा कोणी नसतो. बसचे दार ही अशी एकमेव जागा आहे, जेथे कुत्रा, मालक आणि विचारपूस करण्याचा अधिकार असलेला मनुष्य क्षणभर एकत्र येतात. रेबीज व डिस्टेंपर या दोन्ही लसींचा दाखला, आखूड साखळी, तोंडास जाळी आणि शेवटच्या बाकाजवळची जागा एवढ्या अटींवर परवानगी देणे हे सरसकट मनाईपेक्षा जंगलाच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित ठरेल. सहप्रवाशाचे भय किंवा त्रास यांनाही मान द्यावयास हवा. गर्दीच्या वेळी जागा नाकारण्याचा अधिकार वाहकाकडे असावा, मात्र दवाखान्याची चिठ्ठी असलेल्या आजारी जनावराच्या बाबतीत तो वापरू नये.

'पाळीव' या विशेषणाचा अर्थ ठरविणे अद्याप उरतेच. शहरात या शब्दामागे पट्टा, दाखला आणि बंद दार गृहीत असते. माडिया पाड्यावरचा कुत्रा घराचा असतो, पण बांधलेला नसतो; त्याला मालक आहे, पट्टा नाही. शहरी कसोटीने तो 'मोकाट' ठरतो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथून भटके कुत्रे हलविण्याचा आदेश दिला. त्यानंतर पट्टा नसलेला कुत्रा घेऊन फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने 'पाळीव' आणि 'भटका' यांतील अंतर केवळ कोशातले राहिलेले नाही. तेव्हा नियमाची भाषा ठरविताना मालकीची खूण पट्ट्यावर न ठेवता लसीच्या दाखल्यावर ठेवावी. फलकाचा मजकूरही सावधपणे लिहावा. 'कुत्रे नेण्यास मनाई' या मराठी वाक्यात 'कुत्रे' हे नपुंसकलिंगी एकवचन की पुल्लिंगी अनेकवचन, हे कळावयास मार्ग नाही. आणि अहेरीच्या स्थानकावर तो फलक वाचणाऱ्यांपैकी अनेकांची ती घरची भाषाही नाही.