एका खुर्चीचे चार कारागीर

मंडळी, बैलगाडी काही एकट्या सुताराच्या हातून होत नाही. तुंबा आणि आरे तो घडवील; पण चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर तिथे लोहारच हवा. अठराव्या शतकात पॅरिस शहरी होणारी सोनेरी, गुबगुबीत खुर्चीही अशीच अनेक हातांतून जात असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अशा खुर्च्या जपून ठेवल्या आहेत. लांबून पाहणाऱ्याला सोने आणि रेशीम तेवढे दिसते. आपण जरा तिच्या अंतरंगात डोकावू या.

पहिला कारागीर सुतार. तो बहुधा बीच नावाच्या झाडाचे लाकूड घेऊन सांगाडा जोडी. दुसरा नक्षीकार, तो त्यावर फुले, वेली, शिंपले कोरी. तिसरा मुलामा देणारा. खडूची पूड सरसात कालवून तो लाकडावर थरावर थर देई, त्यावर तांबूस मातीचा हात फिरवी, मग सोन्याचा वर्ख बसवून अकीकाच्या दगडाने घासघासून चकाकी आणी. चौथा गादीकार. आपल्या खाटेच्या नवारीसारख्या पट्ट्या तो खाली ताणून बसवी, त्यावर घोड्याचे केस भरी आणि वरून कापड चढवी. स्प्रिंगा त्या काळी नव्हत्या बरं का! गादीत त्यांचा वापर एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. तोवर बसणाऱ्याचे सारे सुख केस भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून होते.

ह्या कारागिरांचे संघ वेगवेगळे असत आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, असा दंडक असे. सुताराने सांगाड्यावर आपल्या नावाचा शिक्का मारावा, हा नियम १७५१ मध्ये पक्का झाला. जॉर्ज जाकोब हा त्यांतला एक नामांकित. शेतकऱ्याचा हा मुलगा बरगंडी प्रांतातून पॅरिसला आला, १७६५ मध्ये उस्ताद ठरला आणि पुढे राणी मारी आंत्वानेतसाठी त्याने खुर्च्या केल्या.

आता गंमत पाहा. खुर्चीचा सर्वांत मोठा खर्च असे तो बहुधा कापडाचा. श्रीमंत घरांत उन्हाळ्याचे कापड वेगळे, हिवाळ्याचे वेगळे. ते चटकन बदलता यावे म्हणून काही खुर्च्यांच्या गाद्या सुट्या चौकटींवर बसवीत. पुढे राज्यक्रांती झाली. व्हर्साय राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव ऑगस्ट १७९३ मध्ये सुरू झाला आणि जवळजवळ वर्षभर चालला. सतरा हजारांहून अधिक नग विकले गेले. संच फुटले, खुर्च्या देशोदेशी पांगल्या. कापड विरले, गाद्या उसवून नव्याने भरल्या गेल्या. म्हणजे जे सर्वांत महाग, तेच आधी गेले. आज संग्रहालयातल्या खुर्चीवर दिसणारे कापड पुष्कळदा मागाहून चढवलेले असते.

आणि नाव? लाकूड टिकले म्हणून सुताराचा शिक्का टिकला. नक्षीकार, मुलामेकरी आणि गादीकार ह्यांचा पत्ता लागलाच, तर तो जुन्या बिलांत आणि राजवाड्याच्या हिशेबवह्यांत लागतो. खुर्ची मात्र आज ‘जाकोबची’ म्हणून ओळखली जाते.

गुरुजनहो, उद्या वर्गातले एखादे बाक मुलांसमोर उलटे करा. सांधे, खिळे, रंधा फिरवल्याच्या खुणा दाखवा आणि विचारा, ‘ह्याला किती जणांचे हात लागले असतील?’ मुले मोजू लागली, की इतिहासाचा धडा सुरू झालाच म्हणून समजा.